जड ते खाली

राम राम मंडळी. आज बोलायचंय ते आपलं वाचनालय ज्यात आहे, आपण बसलोय त्या वाड्याबद्दलच. रोज येतो आपण इथे, पेपर वाचतो, पोरं अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतात, पण वर मान करून कोणी बघत नाही. आता बघा जरा. खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचन म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, आणि त्यावर मातीचं धाबं. साग सातपुड्याचा. सगळ्यात वर खारी माती. पावसाळा आला की माझी आजी पहिलं हेच विचारायची, "खारी टाकी का धाबावर?" कारण या मातीत क्षार असतात, पाणी लागलं की ती फुगते नि बारीक भेगा आपोआप बुजतात. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा ओसरीवर येऊन बसा, मग कळेल मातीच्या जाड भिंती काय काम करतात ते.

पण ओझं त्या भिंतींवर नाही, ते खांबांवर आहे. भिंत ढासळली तरी धाबं उभं राहतं, पावसाळ्यात आपण सगळ्यांनी हे पाहिलंय. आणि जुन्या माणसांनी जड काय ते खाली ठेवलं. धान्य बळदात, पेवात, म्हणजे भिंतीच्या पोटात नि जमिनीत. माडीवर फक्त माणसं झोपायची.

आपण काय केलं? पुस्तकं माडीवर चढवली. कागद भयंकर जड असतो हो. बांधकामाच्या भारतीय मानकात राहत्या घराच्या मजल्यावर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, पुस्तकांच्या रॅकची खोली असेल तर ६००, आणि रॅक २.२ मीटरच्या वर गेलं की आणखी. तिप्पट! १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग मिळतो, वरचा वर्ग हवा तर पुस्तकंही जास्त लागतात, त्यामुळे कपाटं वाढत गेली, ती कुठे ठेवायची हा विचार मागे पडला. कमिटीचा हेतू चांगलाच होता, मी स्वतः त्या पुस्तकांवर वाढलोय.

दुसरं, भिंतींना सिमेंटचा गिलावा नको, हात जोडून सांगतो. मातीची भिंत ओल घेते नि सोडते. सिमेंट लावलं की ती आतच अडकते, मग पोपडे येतात, खांबांच्या बुडाला वाळवी लागते, पुस्तकांना बुरशी. माती-शेणाचा लेप किंवा चुना, बस.

मग पुस्तकं कुठे ठेवायची? माजघराची फरशी थेट जमिनीवर आहे, तिथे कितीही वजन ठेवा. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, मागून हवा खेळू द्या. माडीवर टेबल-खुर्च्या टाकून पोरांना बसू द्या, उजेडही तिथेच चांगलाय. जून लागायच्या आत हे करू, पुस्तकं उतरवायला मी येतो, आणि आज जाताना जिन्याजवळच्या तुळईकडे एकदा नजर टाका, मधोमध वाकलीय ती.