उपासनेनंतरची बैठक

(शरणपूर रोड, रविवारची सकाळ. रहदारीचा आवाज हळूहळू कमी होतो.)

१८६५ साली स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेतल्या पुढच्या मोहिमेची तयारी करायला मुंबईत आला, तेव्हा त्याच्याबरोबर जायला नऊ तरुण नाशिकहून निघाले. वाढलेले नाशिकला, जन्मलेले आफ्रिकेत. गुलामांचा व्यापार करणारी गलबतं इंग्रजी आरमार समुद्रात अडवायचं, त्यांतून सुटलेली ही पोरं. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूरला त्यांच्यासाठी आश्रम चालवला होता. तिथे लिहिणं-वाचणं शिकवत आणि हातांना काम देत, सुतारकी, लोहारकी. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारला. त्याचं नाव झाडाच्या खोडावर कोरणारा, त्याचं प्रेत रानावनातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत असलेला आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या शवपेटीच्या मानकऱ्यांत उभा राहिलेला जेकब वेनराइट हाही याच नाशिकच्या शाळेत शिकलेला.

आपल्या शाळांतून ही गोष्ट कुणी सांगत नाही. सांगायला हवी. नाशिकच्या ख्रिस्ती मंडळीचा पाया घालणाऱ्यांत, साखळदंडातून सुटलेली माणसं होती.

(दृश्य: दगडी भिंत, आतून पेटीचा सूर. गायन सुरू होतं.)

शरणपूर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेचं; तिथे अनेक मंडळ्यांवर एक बिशप असतो. बिशपाऐवजी मंडळीनं निवडलेल्यांनी कारभार पाहायचा, ही प्रेसबिटेरियन परंपरा महाराष्ट्रात दुसऱ्या वाटांनी आली. १८२९ साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन मुंबईत उतरले. त्यांच्या शाळेतून १८३९ साली धनजीभाई नौरोजी हा पारशी तरुण ख्रिस्ती झाला, १८४३ साली नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण. याच शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं, आणि त्यांच्याभोवती जमलेली मंडळी बहुतेक महार आणि मांग समाजाची होती. तिकडे कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन उभं राहिलं. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल त्याच मिशनचं.

मग १९२४ साली प्रेसबिटेरियन आणि प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणारे काँग्रिगेशनल एकत्र आले. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चपरंपरांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. बिशप नको म्हणून ज्यांच्या स्कॉटिश पूर्वजांनी राजाशी लढाया केल्या होत्या, त्यांनी बिशप मान्य केला. ज्यांना बिशपाशिवाय चर्च ही कल्पनाच सहन होत नव्हती, त्यांनी चर्चच्या घटनेनं बांधलेला बिशप मान्य केला. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही ग्राह्य धरले. नाशिकचा धर्मप्रांत १९२९ पासूनचा. आता त्याच छताखाली कामाधंद्यासाठी इथे आलेली कुटुंबं येऊन बसतात. कुणाचे आजोबा मिरजेच्या दवाखान्यात कंपाउंडर, कुणाचे जालन्याकडचे शेतमजूर. सिक्युरिटी प्रेस, रेल्वे, ओझरचा विमान कारखाना, सातपूर-अंबडची एमआयडीसी. या शहरात पोटासाठी आलेल्यांना जागा करून द्यायची सवय आहे.

(उपासना संपते. लोक बाहेर पडतात. काही जण आतच थांबतात.)

या चित्रफितीत आम्हाला उपासनेइतकीच महत्त्वाची वाटली ती उपासनेनंतरची बैठक. मंडळीचा कारभार एकट्या पाळकानं पाहायचा नाही, मंडळीनं निवडलेल्या वडिलांनी, म्हणजे एल्डरांनी, त्याच्याबरोबर बसून पाहायचा, ही प्रेसबिटेरियन परंपरेची जुनी शिस्त. त्यात शिक्षिका असते, रिक्षावाला असतो, निवृत्त फोरमन असतो. विषयपत्रिकेवर नाताळची वर्गणी असते, गळकं छप्पर असतं, आणि त्यांच्या मधोमध कधीतरी एखाद्या मुलीचा जातीचा दाखला असतो.

इथे थोडं थांबायला हवं.

१० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानं ठरवलं की हिंदू धर्माबाहेरचा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, १९९० साली बौद्धांचा. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. म्हणजे दोन सख्खे भाऊ. एकाच वाड्यात वाढलेले, गावानं दोघांना एकाच विहिरीवरून हाकललेलं. एकाच्या दाखल्यावर अनुसूचित जात, दुसऱ्यानं बाप्तिस्मा घेतलाय म्हणून तो फार तर इतर मागासवर्गात. शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव मतदारसंघ हे झालंच. पण सगळ्यात जास्त बोचतं ते वेगळंच आहे. दुसऱ्या भावाला कुणी जातीवरून शिवी दिली, मारलं, घर जाळलं, तरी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्यासाठी उघडत नाही. मारणारा त्याची जात विसरलेला नसतो. विसरतो तो फक्त कागद.

जात पडताळणी समितीपुढे जुने पुरावे लागतात. इतर मागासवर्गासाठी १९६७ च्या आधीचे, अनुसूचित जातीसाठी १९५० च्या आधीचे. शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचा उतारा. ज्यांच्या पणजोबाकडे जमीनच नव्हती त्यांनी उतारा कुठून आणायचा? मग मंडळीची बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही कपाटातून निघते. बापाचं नाव, राहण्याचं ठिकाण, धंदा. पिढ्यांपूर्वी कुण्या पाळकानं टाकानं लिहिलेली ती ओळ आज पणतीच्या वंशावळीला आधार देते. तोच बाप्तिस्मा, ज्यानं तिचा एक हक्क गेला, तोच आता तिचा दुसरा कागद शाबूत ठेवतो.

काहींनी यातून पळवाट काढली. चर्चमध्ये एक नाव, कागदावर दुसरं. त्यांना ढोंगी म्हणायला आमची जीभ रेटत नाही. श्रद्धा आणि भाकरी यांतलं एक निवड, असं सरकारनं विचारू नये, एवढंच त्यांचं म्हणणं आहे, आणि ते रास्त आहे.

हा प्रश्न नाशिकला नवा नाही. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथेच सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि हजारो माणसांनी तो वर्षानुवर्षं रेटला. दार उघडलं नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. देवाकडे जाणं आणि माणूस म्हणून मान मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे या मातीत फार आधीच ठरून गेलंय.

आणि मंडळीच्या घरातलंही बोलायला हवं. जात चर्चच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवली जात नाही. स्थळं पाहताना अजूनही हळूच विचारलं जातं, मूळचे कोण? शहराच्या मध्यावर आलेल्या मिशनच्या जमिनींवरून महाराष्ट्रात ठिकठिकाणी कोर्टकज्जे चालू आहेत, विश्वासू माणसं त्यात होरपळतात. स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याचा निर्णय या चर्चनं १९८० च्या सुमारास घेतला, तरी बैठकीत चहा कोण करतं आणि खुर्चीत कोण बसतं हे आजही कॅमेऱ्याला सहज दिसतं. बाहेर न्याय मागणाऱ्या मंडळीला हा हिशेब घरात चुकता करावाच लागेल.

(दृश्य: दिंडोरीकडचा रस्ता. द्राक्षबागा. ऑक्टोबर.)

पेठ आणि सुरगाण्याच्या पाड्यांवरून कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबं छाटणीला खाली उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. गोडी छाटणी झाली की वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची. त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं, कातडी भाजते, आणि हातमोजे प्रत्येकाला मिळतातच असं नाही. पुढे वांझ फुटी काढणं, विरळणी, एकेक घड द्रावणात बुडवून डिपिंग. दिवस उजाडण्याआधी सुरू होतो आणि रविवार पाळत नाही.

या कुटुंबांतली काही ख्रिस्ती आहेत. आदिवासी म्हणून त्यांचा दाखला धर्म बदलल्यानं जात नाही. पण धर्मांतरितांना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळा, अशी मागणी आता जोर धरतेय, आणि पाड्यावरच्या प्रार्थनेला बसलेल्या बाईच्या मनात ती धाकधूक आहे. तिचा खरा झगडा मात्र जमिनीचा आहे. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो की १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन तिच्या नावावर व्हावी. दावे फेटाळले जातात, किंवा दहा एकर कसणाऱ्याला एक एकराचा कागद मिळतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेलेला शेतकऱ्यांचा मोर्चा आठवा. सोललेले तळपाय साऱ्या देशानं पाहिले. त्या चालण्यात सगळ्या देवांची माणसं होती.

(दृश्य: चर्चचं स्वयंपाकघर. तांदळाचा डबा.)

देवळालीच्या छावणीत बदली होऊन येणारी मिझो कुटुंबं स्वतःबरोबर एक रीत आणतात. बुहफाय थाम. रोज भात शिजवण्याआधी घरातली बाई मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढते. मिझोरमच्या प्रेसबिटेरियन बायकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ही मूठ चालवली, आणि त्या तांदळावर शाळा आणि प्रचारकार्य उभं राहिलं. भाड्याचं घर शोधताना ज्यांचे चेहरे पाहून दार लावलं जातं, त्यांच्या या मुठीतून इथे छाटणीच्या हंगामात मजुरांच्या पोरांना भात वाढता येतो. आपल्या बायकांना ही रीत समजावून सांगावी लागली नाही. सुगीत मूठपसा काढणं त्यांनी आजीकडे पाहिलेलं होतं.

आता बैठकीपुढचा विषय असा. छाटणी चालू असेपर्यंत बागेतली माणसं रविवारी येऊ शकत नाहीत, तर प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, तिकडे न्यायचा का? काही वडिलांना वाटतं, उपासना उपासनागृहातच शोभते. बागाइतदाराला काय वाटेल, अशीही एक काळजी आहे. चर्चा लांबते. दोघींचं म्हणणं ठाम आहे, आणि त्या हंगामी कामावर जाऊन आलेल्या आहेत. शेवटी ठरतं ते असं: महिन्यातून एक गुरुवार, काम सुटल्यावर, मजुरांच्या पालावर. भाकर आणि द्राक्षरस मंडळीचा, गाडीचं डिझेल वर्गणीतून. आणि जाणारा प्रत्येक जण वनहक्काच्या दाव्याचे कोरे अर्ज आणि दोन पेनं बरोबर नेईल.