हेड गॅस्केट बदलल्यानंतरचे हजार किलोमीटर

श्रोतेहो, नमस्कार.

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवून त्याखाली नवीन गॅस्केट (पाणी, ऑइल आणि गॅस अडवणारा पातळ थर) टाकलेली गाडी घरी आली, की पहिल्या एक-दोन दिवसांतच शंका सुरू होतात. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, टाकीतलं कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) खाली गेलंय, इंजिन टकटक करतंय. यातलं बरंचसं होणारच असतं. काही लक्षणं मात्र खरोखर धोक्याची असतात, आणि पहिल्या दिवशी दोन्ही सारखीच दिसतात. ती वेगळी कशी ओळखायची, ते आज पाहू.

आधी धूर. जुनं गॅस्केट फुटलं तेव्हा कुलंट सिलिंडरमधून थेट सायलेन्सरमध्ये गेलेलं असतं. हेडचं काम झालं तरी ते तिथेच साचून राहतं आणि सायलेन्सर तापला की गोडसर वासाचा पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. पणजी-मिरामार अशा छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर शेवटपर्यंत तापतच नाही, म्हणून धूर आठवडाभर रेंगाळतो. एकदा म्हापशाहून मडगावपर्यंत बेताच्या वेगाने सलग गाडी चालवा, साचलेलं सगळं निघून जाईल. त्यानंतरही गरम इंजिनावर दाट पांढरा धूर येत असेल आणि कुलंटही कमी होत असेल, तर गॅस्केट नीट बसलेलं नाही किंवा हेडला तडा आहे. पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून दिसणारी पातळ वाफ वेगळी. ती इंजिन तापल्यावर आपोआप थांबते.

आता कुलंट. हेड उतरवताना सगळी सिस्टिम रिकामी होते आणि भरताना आत हवा अडकते. ती हळूहळू वर येते, म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत टाकीतली पातळी थोडी उतरते. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, पातळी पाहा आणि ‘मिन’ ते ‘मॅक्स’च्या मध्ये ठेवा. गरम असताना झाकण उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि अंगावर उडतं. गाडीला हीटर असेल तर मेकॅनिककडून हवा काढताना तो पूर्ण गरमवर ठेवायला सांगा, नाहीतर हीटरच्या नळ्यांतली हवा तिथेच राहते. आठवड्यानंतरही पातळी उतरत असेल तर ती हवा नव्हे, गळती आहे.

भरायचं काय, हेही महत्त्वाचं. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, साधारण निम्मं-निम्मं. तयार मिश्रणाचा कॅन असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. विहिरीचं पाणी कधीच नको. किनाऱ्याजवळच्या विहिरींत खारटपणा असतो आणि क्षारांमुळे ॲल्युमिनियमचं हेड नेमकं गॅस्केटच्या कडेला खाल्लं जातं. सांडलेलं कुलंट लगेच धुऊन काढा. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

सुरुवातीची टकटक बहुधा टॅपेटची, म्हणजे हेडमधल्या झडपा दाबणाऱ्या भागांची, असते. हायड्रॉलिक टॅपेटमधलं ऑइल निथळून गेलेलं असतं, ते भरलं की काही मिनिटांत आवाज थांबतो. खालून येणारी जड ठोक मात्र वेगळी. कुलंट मिसळलेल्या ऑइलवर गाडी बरेच दिवस चालली असेल तर इंजिनाच्या खालच्या फिरत्या दांड्याच्या (क्रँकच्या) बेअरिंगा गेलेल्या असू शकतात, आणि नवीन गॅस्केट त्या दुरुस्त करत नाही. बॅटरी काढल्यामुळे आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, थोडं वरखाली होतं, तेही एक-दोन दिवसांत स्थिरावतं.

ऑइल आणि फिल्टर कामाच्या वेळी बदललेले असतातच. तरी ५०० ते १००० किलोमीटरला पुन्हा बदला, कारण कानाकोपऱ्यांत उरलेलं कुलंट आणि खरवडलेला कार्बन नव्या ऑइलमध्ये उतरतो. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळसर साय दिसला तर घाबरू नका, छोट्या फेऱ्या आणि दमट हवा यांमुळे तो येतो. डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ दिसलं, तर मात्र गाडी चालवू नका.

पिस्टन-रिंगांना हात लावलेला नसेल तर रनिंग-इनची, म्हणजे नव्या इंजिनासारखं सुरुवातीला जपून चालवायची, गरज नाही. तरी पहिले ५०० किलोमीटर पूर्ण भरलेली गाडी घेऊन चोर्ला किंवा अनमोड घाट चढू नका. पत्र्यांच्या थरांच्या आधुनिक गॅस्केटला बोल्ट पुन्हा आवळायचेही नसतात. ते ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळून आणि मग ठरलेले अंश फिरवून ताणून बसवलेले असतात, बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात. हेडचा सपाटपणा पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासला का, एवढं विचारून घ्या. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही.

सगळ्यात जास्त आग्रह ज्याचा धरायचा, तो मुद्दा असा: गॅस्केट बहुतेक वेळा इंजिन तापल्यामुळे जातं. तापण्याचं कारण राहिलं तर नवीनही जाणार. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत रेडिएटरच्या पातळ पट्ट्या कुजतात, खाणपट्ट्यात त्या लाल धुळीने बुजतात. फॅनचा रिले, वॉटर पंप, दाब न धरणारं रेडिएटरचं झाकण, हे सगळं तपासून घ्या. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल (झडप), काढून टाकू देऊ नका. ‘वॉल काढला की इंजिन थंड राहतं’ हे चुकीचं आहे. पुष्कळ इंजिनांत तोच वॉल बायपासची वाट बंद करतो. तो नसला की काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतं.

शेवटची परीक्षा घरीच करता येते. रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करा आणि मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दाबून पाहा. पाइप अजून थंड असताना दगडासारखा टणक झाला, किंवा टाकीत बुडबुडे थांबतच नसतील, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. गॅरेजात निळ्या द्रावणाची चाचणी करतात. गॅस असेल तर पेट्रोल गाडीत निळं पिवळं होतं.

आणि वाटेत तापमानाचा काटा वर चढलाच, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा, गाडी कडेला घ्या. काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली तर लगेच इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. काटा लाल खुणेपर्यंत गेलेला असेल, तर इंजिन थंड झाल्यावरही ती गाडी चालवत नेऊ नका, टो करून गॅरेजात न्या.