फरारबाई नगरला राहिल्या

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि बंधुभगिनींनो, नमस्कार.

परदेशी जाऊन शिकवणाऱ्या मिशनरी शिक्षकाची श्रद्धा त्याच्या रोजच्या जीवनात कशी दिसते, या विषयावर मी बोलावे असे कार्यकारिणीने सुचवले, तेव्हा माझ्या मनात एकच नाव आले. मी नगरची आहे. माझ्या घरातील ख्रिस्ती विश्वासाची ही चौथी पिढी असून, इथे मुलाकडे येण्यापूर्वी मी एकवीस वर्षे मिशनच्या शाळेत गणित शिकवले. नगरहून बॉस्टनला येताना मला विमानात जेमतेम एक दिवस काढावा लागला, तरी मी पाय सुजल्याची तक्रार आठवडाभर करत होते. याच बॉस्टनहून जून १८२७ मध्ये एक बाई जहाजात बसल्या, त्या मुंबईत उतरल्या डिसेंबरच्या अखेरीस. त्यांचे नाव सिंथिया फॅरार. जन्म १७९५ चा, गाव न्यू हॅम्पशरमधील मार्लबरो, आणि अविवाहित. मराठी ग्रंथांत त्यांचे नाव बहुधा ‘मिस फरार’ असे छापलेले आढळते. ज्या बाईंनी मधली दोनेक वर्षे वगळता सारे आयुष्य आपल्या मुलुखात काढले आणि ज्यांनी नगरलाच देह ठेवला, त्यांना आपल्या भाषेने ‘फरार’ ठरवावे, याची मला लहानपणापासून गंमत वाटत आली आहे.

त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाची, म्हणजे परदेशी मिशनरी धाडणाऱ्या अमेरिकन प्रोटेस्टंट संस्थेची, स्थापना १८१० मध्ये झाली. बोर्डाच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते आणि या दोघांना परत पाठवण्याचे आदेशही निघाले होते. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली आणि बोर्डाच्या इथल्या शाखेचे, म्हणजे मराठी मिशनचे, काम सुरू झाले. तेरा वर्षांनी, १८२६ मध्ये, हॉल पटकीने नाशिकच्या बाजूला वारले. त्यांच्या मृत्यूची बातमी ताजी असतानाच फरारबाईंनी जायचे ठरवले, हे मला विसरता येत नाही.

आता ‘मिशनरी’ हा शब्द आपण त्यांना सहज लावतो. बोर्डाच्या याद्यांत मात्र स्त्रियांची नोंद ‘साहाय्यक मिशनरी’ अशी होत असे. उपदेश करणे, बाप्तिस्मा देणे, प्रभुभोजन चालवणे ही कामे धर्मगुरुपदाची दीक्षा घेतलेल्या पुरुषांची होती. फरारबाईंना मुलींच्या शाळांसाठीच पाठवले होते, म्हणून त्यांना व्यासपीठ मिळाले ते शाळेच्या ओसरीचे. एका बाईच्या श्रद्धेला इतकी अरुंद जागा मिळते, तेव्हा ती श्रद्धा हजेरीत, उजळणीत आणि उद्याच्या धड्याच्या तयारीत उतरते. मी स्वतः वर्गावर उभी राहिलेली असल्यामुळे मला हे अगदी ओळखीचे वाटते. प्रार्थनेला डोळे मिटले की देवाआधी उरलेला पोर्शनच डोळ्यांपुढे यायचा, हे मी आज मोकळेपणाने कबूल करते.

पण शिकवण्याआधी त्यांना शिकावे लागले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, म्हणजे बाईंनी पहिली तीनेक वर्षे त्या मोठ्या आधाराशिवायच काढली. मराठी शिकणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी जे शनिवारच्या वर्गात शिकवतात त्यांना सांगायला नको. माझ्या वर्गात एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ येतात. त्यांची सून मराठी आहे आणि नातीशी तिच्या भाषेत बोलावे एवढीच त्यांची इच्छा आहे. ‘चार’ त्यांना लगेच जमले, पण ‘चाक’मधला च दातांशी नेताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. एकदा मी फळ्यावर ‘जग’ हा शब्द दोनदा लिहिला आणि सांगितले की पहिल्याचा अर्थ सारी दुनिया आणि दुसरा म्हणजे कोणाला ‘जिवंत राहा’ म्हणून सांगणे. लिहायला दोन्ही एकच, पण पहिल्याचा ज टाळूकडून येतो आणि दुसऱ्याचा दातांकडून. ते बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. शुभवर्तमान सांगायला निघालेल्या माणसाला हे दोन शब्द पहिल्याच महिन्यात लागतात. फरारबाईंनी ते कोणापुढे कसे उच्चारले असतील आणि समोरच्या मुलींनी पदराआड हसू कसे दाबले असेल, याचा विचार मी त्या दिवशी घरी जाताना करत होते. वर्गात चुकीचे बोलून हसे होणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मुलींसमोर बसणे, यात जी नम्रता लागते ती उपदेशाने येत नाही.

त्यांच्या शाळा कशा होत्या, याचे चित्र आज सहज डोळ्यांपुढे येत नाही. त्या काळी आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचे, पंतोजींनी पाहिले की फळी हलवायची आणि पाटी पुन्हा कोरी. तिथे मुलगे मोडी अक्षर आणि हिशेब शिकत, मुली नसतच. मुलींच्या शाळेत छापील पुस्तक वाचता यावे म्हणून बाळबोध अक्षर आले आणि जोडीला शिवणकाम. शिकलेल्या स्त्रियाच नसल्यामुळे सुरुवातीला शिकवायला बहुधा हिंदू पंतोजीच ठेवावे लागत आणि देखरेख मडमेची असे. येशूच्या गोष्टी वाचायला लावणारा शिक्षक स्वतः संध्या करून आलेला असे, ही त्या शाळांतली तडजोड मला फार मानवी वाटते. मुलगी जरा वाचू लागली की तिचे लग्न होई आणि पटावरचे एक नाव कमी होई. कोणत्याही शिक्षिकेला विचारा, दरवर्षी अर्धवट सुटणारा वर्ग शिकवण्याइतके निराश करणारे काम दुसरे नाही.

इथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. बोर्डाने पैसे दिले ते धर्मांतरासाठी, आणि त्या काळच्या मिशनरी लेखनात आपल्या समाजाविषयी जो चढा सूर दिसतो तो वाचताना माझ्यासारख्या ख्रिस्ती बाईलाही त्रास होतो. पालकांनाही हे सारे कळत होते. त्यांना अक्षर हवे होते, बाप्तिस्मा नको होता. १८३९ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टापर्यंत गेले आणि शाळेतील मुले भराभर गळाली. प्रकृतीसाठी अमेरिकेत राहून फरारबाई परत आल्या आणि नगरला गेल्या, त्याच सुमाराची ही गोष्ट. पुढे १८५४-५५ मध्ये बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले. शाळांवर होणारा खर्च आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या मंडळ्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदाय, यांचा ताळा त्यांना जुळेना. मिशनने इंग्रजी शाळा चालवू नयेत, उपदेशावर आणि खेड्यापाड्यांतील मंडळ्यांवर भर द्यावा, असा त्या भेटीचा रोख होता आणि त्याप्रमाणे मुंबई-नगरच्या इंग्रजी शाळा बंदही झाल्या. अँडरसन यांचा युक्तिवाद अगदीच चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. मातृभाषेचा त्यांचा आग्रह तर आज आपल्यालाही पटावा. पण शाळेची किंमत तिने किती माणसे चर्चमध्ये आणली यावर ठरवणे, हे मला शिक्षिका म्हणून पटत नाही, आणि मी तर त्या चर्चचीच लेक आहे.

कारण त्या हिशेबात न बसणारी एक भेट तोवर होऊन गेली होती. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले विशीत असताना मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासोबत नगरला आले आणि त्यांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. पुण्याला परतल्यावर १८४८ मध्ये त्यांनी बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही नगरला फरारबाईंच्या हाताखाली अध्यापनाचे धडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात. फुल्यांनी नगरहून शाळा नेली, पंथ नेला नाही. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला तो स्वतःच्या विचाराने. आमच्या मंडळीतील काही वडीलधाऱ्यांना याची थोडी खंत वाटत असे. माझी आजी मात्र म्हणायची, “अगं, दिवा लावला की उजेड कोणाच्या ओसरीवर पडतो ते मोजत बसायचं नसतं.” आजी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली होती आणि अखेरपर्यंत बायबल बोट ठेवून, मोठ्याने वाचत असे.

फुल्यांनी त्या भेटीची हकिगत पुढे स्वतः सांगितली आणि ती १८५३ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आली. हे नियतकालिक मराठी मिशननेच १८४२ मध्ये नगरला सुरू केले होते आणि मिशनच्या घराघरात ते येत असे. तेव्हा फरारबाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि छापील मराठी वाचणे हा त्यांचा रोजचाच व्यवहार होता. त्यानंतरही त्या नगरमध्येच शिकवत राहिल्या आणि १८६२ च्या जानेवारीत तिथेच वारल्या.