एका रात्रीचं अंतर: ‘द वॉरियर्स’ची बांधणी

मंडळी, ‘द वॉरियर्स’ची गोष्ट एका ओळीत मावते. न्यू यॉर्कच्या दक्षिण टोकाला असलेल्या कोनी आयलंडची एक टोळी उत्तर टोकाच्या ब्राँक्समध्ये सगळ्या टोळ्यांच्या सभेला जाते, तिथे तिच्यावर खुनाचा खोटा आळ येतो आणि रातोरात सगळं न्यू यॉर्क ओलांडून तिला घरी परतायचं असतं. वॉल्टर हिल यांनी १९७९ साली पडद्यावर आणलेला हा चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे. मारामाऱ्यांसाठी तो गाजला, पण माझ्या मते त्याचा खरा विषय अंतर आहे. घर किती लांब आहे, रात्र किती उरली आहे आणि आपल्यातले किती जण शिल्लक आहेत, हे तीन हिशेब प्रेक्षकाच्या डोक्यात सतत चालू राहतात. चित्रपटातलं प्रत्येक तांत्रिक काम या हिशेबासाठी राबलं आहे.

हा सांगाडा जुना आहे. सॉल युरिक यांनी १९६५ साली कादंबरी लिहिली तेव्हा त्यांच्यासमोर प्राचीन ग्रीक लेखक झेनोफनचं ‘अनाबेसिस’ होतं. इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये इराणी राजपुत्र धाकट्या सायरसच्या पदरी लढायला दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक गेले. कुनाक्साच्या लढाईत सायरस पडला आणि परक्या मुलखात अडकलेले हे लोक लढत लढत समुद्राकडे निघाले. चित्रपटातही सभा बोलावणाऱ्याचं नाव सायरसच आहे आणि वाट समुद्राशीच संपते. सायरसचं भाषण आकड्यांचं आहे: टोळ्यांचे ६०,००० लोक आणि शहरात पोलीस फक्त २०,०००. पुढच्याच क्षणी रोग्ज टोळीचा लूथर त्याला गोळी घालतो.

सभेचा नियम नीट लक्षात ठेवा. प्रत्येक टोळीचे नऊच प्रतिनिधी आणि हत्यार कुणाकडेच नाही. लेखनाच्या दृष्टीने हा नियम सोन्यासारखा आहे. नायक निःशस्त्र असल्यामुळे प्रत्येक मारामारीत हत्यार आधी समोरच्याकडून हिसकावावं लागतं, म्हणजे लढाईला आपोआप दोन टप्पे मिळतात. बेसबॉल फ्युरीज या टोळीच्या प्रसंगात हे स्वच्छ दिसतं. रंगवलेले चेहरे, पट्ट्यापट्ट्यांचे खेळाडूंचे कपडे, हातात बॅटी आणि तोंडातून एक शब्द नाही. आधी लांबलचक पाठलाग, मग वॉरियर्स वळून उभे राहतात, एक बॅट हाती लागते आणि तिथून पारडं फिरतं.

नऊ पात्रं एकदम सांभाळणं हे लेखकाचं आणि कॅमेऱ्याचं दोघांचंही दुखणं असतं. सगळ्यांना सारखा गणवेश दिला तर चेहरे मिसळतात, वेगवेगळे कपडे दिले तर टोळी दिसत नाही. इथे बिनबाह्यांचं चामडी जाकीट सगळ्यांना सारखं आहे, पाठीवर चिन्ह आहे आणि त्यावर एकेकाची एकेक खूण: काउबॉयची हॅट, कोचिसची कपाळपट्टी, रेम्ब्रांटचा रंगाचा फवारा. पाठमोरी माणसं पळताना चिन्हावरून टोळी कळते आणि डोक्यावरून माणूस कळतो. या जाकिटाची किंमतही मोजावी लागते. उघडी छाती, उघडे दंड, त्यामुळे आपटताना कोपराला किंवा फासळीला आतून पॅड लावायला जागाच नाही. जीन्सखाली गुडघ्यांचं तेवढं झाकता येतं. म्हणून असे कपडे ठरवताना स्टंट समन्वयकाला आधी विचारावं. या चित्रपटात ते काम क्रेग बॅक्सली यांच्याकडे होतं.

आता रात्रीकडे येतो, कारण खरी मेहनत तिथे आहे. चित्रीकरण १९७८ च्या उन्हाळ्यातलं. न्यू यॉर्कमध्ये जून-जुलैत सूर्यास्त ते सूर्योदय नऊ-साडेनऊ तास मिळतात. त्यातून दोन्ही टोकांचा संधिप्रकाश आणि जेवणाची सुट्टी वजा केली की कामाचे तास सातही उरत नाहीत. त्या काळची रंगीत निगेटिव्ह फिल्म साधारण १०० एएसएची, म्हणजे प्रकाशाला बेताचीच संवेदनशील. अशा फिल्मवर रस्त्यावरच्या दिव्यांच्या भरवशावर राहिलं तर पडद्यावर काळा चिखल येतो. कोरडं डांबर प्रकाश गिळतं आणि पडद्याचा खालचा अर्धा भाग मरून जातो. यावर जुना उपाय म्हणजे रस्ता भिजवणं. मात्र नुसतं पाणी मारून भागत नाही. ओला रस्ता आरशासारखा वागतो, त्यामुळे दिवे पात्रांच्या मागे, कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला हवेत. कॅमेऱ्यामागून दिवा टाकलात तर त्याचा उजेड पुढे निघून जातो आणि रस्ता उलट आणखी काळा दिसतो.

दुसरी अडचण सातत्याची. उन्हाळ्यात डांबर भराभर सुकतं. पहिल्या टेकला चकाकणारा रस्ता चौथ्या टेकला ठिगळ लावल्यासारखा दिसतो, म्हणून टँकर शेवटपर्यंत हाताशी ठेवावा लागतो. धावणारे नट घसरतात ते वेगळंच. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं सगळ्यात निसरडी. आणि प्रेक्षक विचारतोच की पाऊस नसताना रस्ता ओला कसा? छायालेखक अँड्र्यू लास्लो यांनी त्याचं उत्तर कथेतच बसवलं. रात्रीच्या सुरुवातीलाच पाऊस पाडला की पुढची सगळी रात्र रस्ते हक्काने ओले राहतात. तांत्रिक गरजेला कथेत असं कारण मिळवून देणं मला फार मोलाचं वाटतं.

जागांची फसवणूकही अशीच पद्धतशीर आहे. कथेत सभा व्हॅन कोर्टलँड पार्कात भरते, चित्रित झाली मॅनहॅटनच्या रिव्हरसाइड पार्कात. भुयारी रेल्वेच्या युनियन स्क्वेअर स्टेशनचे प्रसंग ब्रुकलिनच्या हॉइट-शर्मरहॉर्न स्टेशनात घेतले, कारण तिथले बाहेरचे फलाट वापरात नव्हते. गाड्या न थांबवता काम करता येत होतं. आणि स्वच्छतागृहातली मारामारी अस्टोरियातल्या स्टुडिओत सेट उभारून केली. तीन जागा शिवताना उसवतं कुठे, तर पळण्याच्या दिशेत. फलाटावर माणूस डावीकडून उजवीकडे गेला आणि आत येताना उजवीकडून डावीकडे आला, तर तो परत फिरला असं वाटतं. उसवणारी दुसरी गोष्ट म्हणजे घाम. सेटवर नट ताजातवाना येतो. आधीच्या शॉटमध्ये तो दोन जिने धावलेला असतो.

त्या स्वच्छतागृहात थोडं थांबू या. वॉरियर्स संडासांच्या दारांआड लपलेले, डंगरी घातलेले पंक्स टोळीवाले आत शिरतात, त्यांच्यातला एक चाकांच्या स्केट्सवर. दारं आतून एकदम उघडतात आणि झुंबड सुरू होते. अरुंद जागेत मोठा हात फिरवता येत नाही, म्हणून झटापट भिंती, आरसे आणि बेसिनं यांच्याशी होते. रेम्ब्रांट समोरच्याच्या डोळ्यांत रंग फवारतो. सभेच्या नियमात हत्यार म्हणून न मोजलेली ती वस्तू नेमकी वेळेला कामी येते. ठोसा खरा वाटावा यासाठी कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे, म्हणजे मूठ आणि गाल एका रेषेत येतील असा हवा. मधली वीतभर फट मग दिसत नाही. कॅमेरा बाजूला सरकला की ती उघडी पडते, आणि आवाज कितीही मोठा भरला तरी ठोसा पोकळच राहतो.

माणसांचा हिशेबही बघा. नऊ निघतात. म्होरक्या क्लीऑन सभेतच हातचा जातो, फॉक्स पोलिसाशी झटापटीत गाडीखाली सापडतो, एजॅक्स पार्कातल्या बाकाला बेड्यांनी अडकतो. सहा परततात आणि वाटेत त्यांच्यासोबत आलेली मर्सी ही मुलगी सातवी. यातला फॉक्सचा मृत्यू मूळ संहितेत नव्हता. फॉक्स झालेल्या थॉमस वेट्स या नटाला चित्रीकरणाच्या मध्येच काढून टाकलं आणि पात्र बदली माणूस घालून संपवलं गेलं. नीट पाहिलंत तर त्या झटापटीत चेहरा मिळत नाही. अशी गळती एरवी चित्रपट बुडवते. इथे तिने धोका खरा केला, आणि मर्सीचा धागा फॉक्सऐवजी क्लीऑननंतर म्होरक्या झालेल्या स्वानकडे वळल्यामुळे चित्रपटातला सर्वोत्तम प्रसंग हाती लागला.

तो प्रसंग मारामारीचा नाही. पहाटेच्या गाडीत स्वान आणि मर्सी थकून बसले आहेत. समोर नाचाच्या कार्यक्रमाहून परतणारी, नटलेली दोन जोडपी येऊन बसतात, हसत-खिदळत. नजरानजर होते, हसू विरतं. मर्सीचा हात नकळत विस्कटलेल्या केसांकडे जातो आणि स्वान तो धरून खाली आणतो. एकही संवाद नाही. इतका वेळ मैलांत मोजलेलं अंतर इथे डब्याच्या रुंदीएवढं उरतं, आणि तेच सगळ्यात लांब वाटतं.

२००५ च्या सुधारित आवृत्तीत हिल यांनी प्रसंगांच्या मध्ये चित्रकथेच्या चौकटी घातल्या. मला त्या खटकतात. चौकट आली की घड्याळ थांबतं आणि ही रात्र थांबता कामा नये. मूळ आवृत्तीत ते काम रेडिओवरची निवेदिका करते. लिन थिगपेन यांचे फक्त ओठ आणि मायक्रोफोन दिसतो. ती बोलते, सगळ्या टोळ्यांना बातमी पोचते आणि कथा पुढच्या स्टेशनात असते.

शेवटी कोनी आयलंड. लूथर तीन बाटल्या बोटांत अडकवून एकमेकींवर टिचकावत वॉरियर्सना खेळायला बोलावतो. ही हाक डेव्हिड पॅट्रिक केली यांना आयत्या वेळी सुचलेली. मग वाळू, समुद्र आणि अख्ख्या चित्रपटात पहिल्यांदाच पूर्ण उजेड. दिवसा चित्रित केलेला सुरुवातीचा एक प्रसंग हिल यांनी संकलनात काढून टाकला होता आणि चित्रपट रात्रीच्या वेळी जत्रेतल्या उंच पाळण्यावर उघडला होता. तो प्रसंग राहिला असता तर ही सकाळ दुसरी ठरली असती.