गाडी बंद होण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात नागपुरात सगळ्यात जास्त मागणी कशाला असते? सावलीला. पारा 45 च्या पुढे सरकला की रस्त्यावर उभ्या असलेल्या कारचं स्टिअरिंग हातात धरवत नाही, स्कूटरच्या सीटवर टेकवत नाही. अशा दुपारी समोर एक फ्लॅट स्कीम दिसते. खाली खांबांमधलं पार्किंग, आत गारवा, गेट सताड उघडं, आणि ऑफिसला गेलेल्या लोकांच्या जागा रिकाम्या. माणूस गाडी आत घालतो. कोणाचा हक्क मारावा असं त्याच्या मनात नसतं, खरं म्हणजे काहीच नसतं. संध्याकाळी तुम्ही दमून परत येता आणि तुमच्या जागेवर एक अनोळखी पांढरी कार उभी. चौकीदार म्हणतो, "साहेब, दोन मिनिटांत येतो म्हणून गेला जी."

ही दोन मिनिटं नागपुरात किती लांबतात, हे रामदासपेठेत राहणाऱ्यांना विचारा. तिथे गल्लोगल्ली दवाखाने. छिंदवाड्याहून, बालाघाटहून रुग्णाला घेऊन आलेला माणूस आधी स्ट्रेचर शोधतो आणि मग गाडी जिथे मावेल तिथे सोडतो. गोकुळपेठ बाजाराच्या आसपास भाजीची पिशवी भरेपर्यंतचा मामला असतो. धरमपेठेत खाण्यापिण्याची गर्दी. त्याच धरमपेठेत मुलांना वाहतुकीचे नियम शिकवणारं ट्रॅफिक पार्क आहे, आणि मुलांना ते नियम दाखवायला आणणारे बाप आपली कार कोणाच्या तरी गेटसमोर लावून आत जातात. असो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बाहेरच्या गाडीला अडवायची वेळ एकच असते. ती आत वळते तेव्हापासून तिचं इंजिन बंद होईपर्यंत. त्या पंधरा-वीस सेकंदांत जे करायचं ते करा. एकदा गाडी बंद झाली, मालक किल्ली खिशात टाकून निघून गेला, की तुमच्या हातात राग सोडून फारसं काही उरत नाही. का उरत नाही, ते आधी सांगतो, कारण याच बाबतीत लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज आहे.

पहिला गैरसमज, ट्रॅफिक पोलीस येऊन गाडी उचलून नेतील. मोटार वाहन कायद्याच्या 127 कलमाखाली बेवारस किंवा अडथळा करणारं वाहन हलवता येतं, पण ते सार्वजनिक जागेवरचं. ज्या जागेत जनतेला जाण्याचा हक्क आहे, ती सार्वजनिक जागा, अशी त्या कायद्याची व्याख्या आहे. तुमच्या कंपाऊंडच्या आत ती लागू करायला गेलात तर तुमचाच दावा कमजोर होतो, कारण ही जागा खासगी आहे असं तुम्ही म्हणता ना? तेव्हा गेटच्या बाहेर, रस्त्यावर कोणी गाडी आडवी लावून तुमची वाट अडवली, तर वाहतूक पोलिसांना जरूर बोलवा. आतल्या गाडीसाठी ते सहसा हात वर करतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा. गेटवर पाटी असते, "येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल." ही पाटी लिहिणारे बहुतेक वेळा नुसतेच दरडावतात, पण एखादा उत्साही रहिवासी खरंच हवा सोडतो. काही जण चावीने रेघ ओढतात, आरसा दुमडताना तोडतात. दुसऱ्याच्या मालमत्तेचं जाणूनबुजून नुकसान करणं ही कायद्याच्या भाषेत आगळीक. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तिच्यासाठी 324 वं कलम आहे. तसंच, राग आला म्हणून आपली कार त्याच्या गाडीमागे लावून वर झोपायला जाणारेही आहेत. माणसाला त्याच्या वाटेने जाऊ न देणं म्हणजे गैरनिरोध, कलम 126. एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे चुकला तो, आणि पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलात तुम्ही. आणि बाहेरच्या माणसाकडून 500 रुपये दंड वसूल करू, असं काही सोसायट्या ठराव करून ठेवतात. सोसायटीचे ठराव सभासदांना बांधतात हो, रस्त्याने जाणाऱ्याला नाही.

आता त्या पंधरा-वीस सेकंदांकडे येऊ. गाडी वळवताना ड्रायव्हरला काय दिसतं, ते एकदा स्वतः बाहेरून गाडी आणून पाहा. बहुतेक स्कीममध्ये गेट दिवसभर उघडंच असतं. कारण काय, तर ते जड आहे, चाकं गंजली आहेत, उघडायला दोन माणसं लागतात. मग चौकीदार सकाळी शाळेच्या ऑटोसाठी उघडतो आणि रात्री अकराला बंद करतो. इथे नवीन यंत्रं बसवायची गरज नाही. वेल्डरला बोलवा, खालची पट्टी साफ करून घ्या, चाकं बदला, ग्रीस लावा. एका हाताने सरकणारं गेट चौकीदार बंद करतो, जड गेट करत नाही. अर्धं गेट ओढलेलं असलं तरी पुरतं, कारण अर्धं गेट ओलांडताना माणसाला ब्रेक दाबावा लागतो आणि ब्रेक दाबला की तो इकडेतिकडे पाहतो.

गेटच बसवता येत नसेल तर साखळी लावतात. साखळी लावा, पण तिला लाल-पांढरी चमकणारी पट्टी गुंडाळा आणि मधोमध एक फळी लटकवा. काळोखात न दिसणाऱ्या साखळीवर दुचाकीवाला आपटला तर पार्किंगचा प्रश्न बाजूला राहील.

जमिनीवरचे पट्टे हा दुसरा भाग. जिथे फरशी कोरी असते तिथे ती कोणाचीच नसते, असं बाहेरच्याला वाटतं. पिवळे पट्टे मारा, आकडे मोठे काढा, दर दोन वर्षांनी पुन्हा रंगवा. मात्र फ्लॅटचा नंबर जमिनीवर लिहू नका. 302 ची जागा चार दिवस रिकामी असली की वरचं घर रिकामं आहे, हे चोराला कोणी वेगळं सांगावं लागत नाही. जागेचे आकडे वेगळे ठेवा, यादी सचिवाकडे आणि चौकीदाराकडे असू द्या. दिवसभर रिकाम्या राहणाऱ्या जागेवर दुमडणारा लोखंडी खांब बसवला तर उत्तम, पण उतरून तो आडवा करायचा कंटाळा तुम्ही स्वतः केलात, तर महिन्याभरात तो कायमचा आडवाच राहतो. असे आडवे झालेले खांब मी पुष्कळ पाहिले आहेत.

पाटीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ती आतल्या भिंतीवर लावली तर गाडी बंद झाल्यावर वाचली जाते, म्हणजे काही उपयोग नाही. ती गेटवर, कारच्या काचेच्या उंचीला हवी. मराठीत हवी आणि खाली हिंदीतही हवी, कारण दवाखान्यात येणारी पुष्कळ माणसं मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून आलेली असतात. आणि तिच्यावर धमकीऐवजी पत्ता लिहा. "रहिवाशांसाठी राखीव. दवाखान्याचं पार्किंग पुढच्या वळणावर उजवीकडे." बहुतेकांना जागाच शोधायची असते. ती सांगितलीत तर ते जातात.

आता चौकीदार. त्याची खुर्ची बहुतेक ठिकाणी मीटरच्या खोलीपाशी असते, पंख्याचा वारा लागतो म्हणून. तिथून त्याला गाडी दिसते ती बंद झाल्यावर. पंखा गेटपाशी लावून द्या, खुर्ची आपोआप सरकेल. त्याने "इथे लावू नका" असं म्हणू नये, त्यावरून वाद होतो. त्याने विचारावं, "कोणाकडे जायचं आहे जी?" खऱ्या पाहुण्याला फ्लॅट सांगता येतो, उपऱ्याला येत नाही, आणि मग तो स्वतःच रिव्हर्स घेतो. पण हे चालायचं तर एक अट आहे, आणि ती रहिवाशांनी पाळायची आहे. तुमचे साडूभाऊ आले, त्यांना चौकीदाराने थांबवून विचारलं, की तुम्ही बाल्कनीतून ओरडता, "अरे, आपलेच आहेत, सोड नं!" दोनदा असं झालं की तो तिसऱ्यांदा कोणालाच विचारत नाही. आठ-दहा हजारांवर राबणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने मोठ्या कारच्या काचेवर टकटक करावी असं वाटत असेल, तर त्याच्या पाठीशी कमिटीने उभं राहायला हवं.

खाली दुकानं असलेल्या इमारतींचा प्रश्न मात्र अवघड आहे, तो असा सुटत नाही. वेस्ट हायकोर्ट रोडवर अशा इमारती पुष्कळ आहेत. वरचे रहिवासी म्हणतात, दुकानाची गिऱ्हाइकं आमच्या जागेत गाड्या लावून राहिली आहेत. दुकानदार म्हणतो, मीही गाळा विकत घेतला आहे, मेंटेनन्स देतो. दोघांचंही खरं असतं. इथे मंजूर नकाशा काढून बसा, दुकानांसाठी किती आणि कुठली जागा दाखवली होती ते पाहा. नागपुरातल्या अनेक स्कीम 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या आहेत. त्यांचं डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीचं घोषणापत्र, नोंदवलेलं असतं, त्यात सामायिक जागा कोणत्या ते लिहिलेलं असतं. आणि बिल्डरने मला पार्किंग वेगळं विकलं, असं कोणी म्हणत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 ला पंचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं आहे, की 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकीविषयीच्या, कायद्याखाली इमारतीखालचं किंवा उघडं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. तेव्हा आधी आपसात जागा ठरवा, लिहून काढा, स्टिकर द्या. कोणती गाडी आपली हे आपल्यालाच माहीत नसेल, तर परकी कोणती हे चौकीदार कसं सांगणार? पुष्कळदा दिवसभर शिव्या खाणारी "परकी" गाडी दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूची निघते.

एवढं करूनही एखादी घुसतेच. मग वायपरखाली चिठ्ठी ठेवा, त्यावर फोन नंबर लिहा, गाडीचा नंबर दिसेल असा फोटो काढा. परत परत येणारा असेल तर त्याच्याशी शांतपणे बोला. समोरच्या दवाखान्यातला किंवा कोचिंग क्लासमधला असेल तर थेट त्यांच्या व्यवस्थापनाला लेखी कळवा, गाडीच्या नंबरांसकट. तोंडी तक्रारीपेक्षा असं पत्र जास्त काम करतं. आणि गाडी कोणाचीच नाही, दोन-तीन दिवस हलत नाही असं दिसलं, तर 112 ला कळवा. ती चोरीची असू शकते. तिला हात लावू नका, धक्का मारून बाहेर काढू नका.

शेवटी एक गोष्ट राहिली. गेट बंद ठेवायला लागलात, साखळीला कुलूप घातलंत, तर त्याच्या किल्ल्या तीन ठिकाणी असू द्या: चौकीदाराकडे, सचिवाकडे आणि तळमजल्यावर जे घर दिवसभर उघडं असतं त्यांच्याकडे. ॲम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेडच्या गाडीला किल्ली शोधायला वेळ नसतो, आणि नेमकं तेव्हाच सचिव दुपारची झोप घेत असतात.

नमस्कार.