राणीखेतची लस, पण कुठली?

नमस्कार मंडळी. मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे किंवा नवी मुंबईच्या गावठाणात ज्यांच्या दारात गावठी कोंबड्या आहेत त्यांनी आज जरा रेडिओजवळच बसा, आज कोंबड्यांचा राणीखेत रोग, म्हणजे आपली मानमोडी.

टोकावड्याकडच्या एका मावशींचं सांगतो, हे मी प्रत्येक शिबिरात सांगतो. मावशींच्या भाच्याने कल्याणहून लस आणली, थर्मासमध्ये बर्फ घालून, सगळं नीट. मोठ्या तलंगांना पंखाखाली सुई दिली. आता बाटली असते शंभर डोसची आणि कोंबड्या वीस-पंचवीस, एकदा पाण्यात मिसळली की ती ठेवताही येत नाही, मग मावशी म्हणाल्या राहिलेली पिल्लांना देऊन टाक. दोन आठवड्यांची पिल्लं हो! थोड्या दिवसांनी निरोप आला, मी गेलो तर मोठ्या कोंबड्या मस्त उकिरडा उकरतायत आणि पिल्लं एका बाजूला पडलेली, कुणाचे पाय गेलेले, कुणाची मान वाकडी. शेजारचे म्हणत होते नजर लागली, खुराड्यावर लिंबूही बांधलं होतं. मी म्हटलं मावशी, ती बाटली दाखवा. त्यांनी फळीवरून काढून दिली, वर लिहिलेलं आरटूबी. "साहेब, राणीखेतचीच तर आहे ना? वाया कशी घालवू?" असं रडवेल्या होऊन विचारत होत्या आणि मला त्यांचा नाही, सुईसोबत दोन शब्द न सांगणाऱ्या दुकानदाराचा राग आला. औषध विकताना वय विचारायलाच पाहिजे, माणसाचं असो की कोंबडीचं.

तर राणीखेतचा व्हायरस एकच, पण स्ट्रेन, म्हणजे त्याचे प्रकार, वेगवेगळे, आणि या लशींत तोच व्हायरस जिवंत असतो. या व्हायरसच्या अंगावर एक प्रोटीन असतं, ते कापलं गेल्याशिवाय त्याला पेशीत शिरता येत नाही. सौम्य स्ट्रेनचं प्रोटीन कापणारे एन्झाइम फक्त श्वासनळीत आणि आतड्यात असतात, म्हणून तो तिथंच थांबतो. जहाल स्ट्रेनचं प्रोटीन जवळपास कुठल्याही अवयवात कापलं जातं, म्हणून तो मेंदूपर्यंत जातो. त्यांचा जोर मोजायचं 0 ते 2 असं माप आहे, 0.7 किंवा वर गेला की जहाल. पिल्लांना थेंबाने देतात ती लासोटा लस त्या रेषेच्या खाली, मावशींच्या बाटलीतली आरटूबी वर. आरटूबी म्हणजे उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला व्हायरस अंड्यांतून पुन्हा पुन्हा वाढवून मवाळ केलेला, पण मवाळ मोठ्या कोंबडीसाठी, पिल्लासाठी नाही. परत सांगतो, पिल्लासाठी नाही.

बर्ड फ्लूचंही तसंच, एच9एन2 आला तर बरेचदा खोकला आणि अंडी कमी यावर भागतं, पण 2022 मध्ये शहापूरच्या वेहळोलीत आला तो एच5एन1, तिथं पक्षी पटापट गेले. 

तर लिहून घ्या. पहिल्या आठवड्यात एफ-वन (हीही सौम्य लस) किंवा लासोटा, डोळ्यात नाहीतर नाकात थेंब. महिन्याच्या आसपास परत लासोटा. आरटूबीची सुई आठ आठवडे झाल्यावरच. बाटली मोठी पडते ना, मग आळीतल्या चार घरांनी एकाच सकाळी मिळून द्या, पण थेंबवाली छोट्यांना, सुईवाली मोठ्यांना. आणि एकदम मर लागली तर मेलेल्या कोंबड्या उल्हास नदीत टाकू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.