पट्टा माझ्या हातात द्या

नमस्कार मंडळी. मी पशुवैद्य. संयोजकांनी विषय दिला आहे 'कुत्र्याचा ट्रेनर कसा निवडावा आणि चुकीच्या ट्रेनरचं काय करावं'. दुसरा भाग ऐकायलाच आलोय, असं दारातच दोघांनी सांगितलं. तो सांगणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे, कारण ती उतरली नाही तर पुढचा सल्ला वाया जाईल. गप्प झालेला कुत्रा शिकलेला असतोच असं नाही. मारकुट्या ट्रेनरांचा सगळा धंदा आपल्या या एका गैरसमजावर चालतो.

आधी हात वर करा बघू. घरी कुत्रा कितीजणांकडे आहे? छान. त्यातल्या कितीजणांचा सोफ्यावर झोपतो? काही हात अर्ध्यावरच थांबले; शेजारी सासूबाई बसल्या असतील तर मी समजू शकते. आता शेवटचं. 'सोफ्यावर घेतलंत की डोक्यावर बसेल, घरात बॉस कोण ते दाखवा,' असं कितीजणांना ऐकवलं गेलंय? हां, जवळजवळ सगळेच.

हे बॉस प्रकरण आलं कुठून? रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून 1947 साली ते प्रसिद्ध केलं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडलेले. ते भांडणारच, आणि त्या भांडणात जो वरचढ तो 'आल्फा'. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाने 1970 सालच्या आपल्या पुस्तकात ही कल्पना घेतली आणि ती जगभर गेली. पुढे मेक यांनीच कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, रानातल्या लांडग्यांमध्ये अनेक उन्हाळे काढले. तिथे कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. सिंहासन नाही, बंड नाही. 1999 साली त्यांनी स्पष्ट लिहिलं की रानातल्या कळपाला 'आल्फा' हा शब्द लावू नका. एवढ्या मोठ्या माणसाने आपलं म्हणणं जाहीरपणे बदललं, याचं मला फार कौतुक आहे. पण आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अजून 1970 सालच चालू आहे. आणि तेही लांडग्यांचं. कुत्रा माणसाच्या दारात येऊन हजारो वर्षं झाली, हे आणखी वेगळंच.

आता एक हकीकत सांगते. थोडी लांबेल, पण लांबू द्या.

सिंहगड रोडवरचं एक कुटुंब. जर्मन शेफर्ड, वर्षाच्या आतला. आपण त्याला शेरू म्हणू. फिरायला नेलं की पट्टा ओढायचा, सायकलवरच्या मुलांवर भुंकायचा. म्हणजे त्या वयाचा, पुरेसा व्यायाम न मिळालेला शेफर्ड जे करतो तेच. कुणीतरी एका ट्रेनरचा नंबर दिला. 'पूर्वी फौजेत डॉग हँडलर होतो,' असं तो सांगायचा. कागद कुणी मागितला नाही. सगळे त्याला 'सर' म्हणायचे.

शेरूच्या मालकांनी एका सेशनचा व्हिडिओ काढला होता, नातेवाइकांना पाठवायला. तो मी पाहिला, कारण त्यांनी तो मला कौतुकानेच दाखवला. संध्याकाळ, पार्किंग, मागे दोन स्कूटर. शेरूच्या गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी. सायकल गेली, शेरू भुंकला, आणि सरांनी साखळी सरळ वर उचलली. पुढचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. जीभ बाहेर आली, निळसर पडली. मागचे पाय फरशीवर घसरत होते, त्या नखांचा आवाज व्हिडिओत ऐकू येतो. आणि फोन धरलेल्या माणसाचा आवाज येतो, 'सर, जरा सांभाळून...' सर म्हणतात, 'काही होत नाही, नाटकं करतो.' मग शेरू खाली आला आणि बसला. आणि सर म्हणाले, 'बघा. बसला ना?'

फोन धरलेला तो माणूस दुष्ट नव्हता हो. शेरूला ताप आला तर रात्रभर जागणारा माणूस. पण समोर 'सर' उभे होते. आपण ज्याला गुरू मानतो त्याचा हात धरायचा नाही, हे आपल्यात इतकं मुरलंय की आपलं जनावर गुदमरताना दिसतं आणि आपल्या तोंडून निघतं काय, तर 'जरा सांभाळून'. माझी खरी तक्रार इथे आहे. ट्रेनरने एकट्याने हे केलं नाही. चार माणसं हाताची घडी घालून बघत होती.

पुढे सरांनी सुचवलं की घरी लाड होतात, दोन महिने माझ्याकडे ठेवा. गावाबाहेर शेड होती. भेटायला यायचं नाही, 'कुत्रा डिस्टर्ब होतो.' दोन महिन्यांनी शेरू परत आला आणि काय सांगू, नुसता बोटाने बसायचा, बोटाने आडवा व्हायचा. बिल्डिंगभर वाहवा झाली. घरातल्या आजी तेवढ्या खूश नव्हत्या. त्याच त्याला माझ्याकडे घेऊन आल्या. म्हणाल्या, 'डॉक्टर, हा दूधवाल्यावरसुद्धा भुंकत नाही हो. मी जेवायला बसले तर जवळ येत नाही. याला काहीतरी झालंय.' मुलगा म्हणाला, 'आई, त्याला शिस्त लागलीय.'

मी मानेवरचे केस बाजूला केले. गळ्याच्या पुढच्या बाजूला शेजारी शेजारी दोन गोल जखमा, कडा काळ्या, आत ओल. शॉक कॉलरला, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याला, जे दोन धातूचे खुंट असतात ते कातडीवर दाबून बसतात. पट्टा तासन् तास घट्ट ठेवला की तिथली कातडी मरते. शेरू टेबलावर दगडासारखा उभा होता. कान मागे, शेपूट पोटाशी, सारखा नाक चाटत होता. माझ्या मदतनीसाने ड्रॉवरमधून पट्टा काढताना बकल वाजलं, आणि शेरूने उभ्या उभ्या लघवी केली.

त्यानंतर काही आठवड्यांनी घरी आलेला भाचा त्याच्या ताटलीपाशी वाकला आणि शेरू त्याला चावला. हाताला टाके पडले. सगळ्यांचं म्हणणं एकच, 'गुरगुरलासुद्धा नाही!' कसा गुरगुरेल? गुरगुरल्यावर काय होतं ते दोन महिने त्याला शिकवलं होतं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना, की मला हे नको आहे, लांब हो. तुम्ही ती सूचना मारून टाकता. भीती तशीच राहते. ट्रेनरला फोन केला तर उत्तर आलं, 'ब्लडलाइनच खराब आहे, सोडून द्या.'

आता सायकलवरच्या मुलाकडे परत या. कुत्रा मुलाकडे बघतो, भुंकतो, मानेला झटका बसतो. तुम्हाला वाटतं, भुंकलो म्हणून लागलं हे त्याला कळलं. त्याला त्या क्षणी दिसत असतं ते मूल. मूल आलं की मान दुखते, एवढं तो बरोबर शिकतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात चाव्याच्या, आक्रमकपणाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मालकांना विचारून केलेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी 43 टक्क्यांनी सांगितलं की कुत्रा उलटून अंगावर आला. पाठीवर पाडून दाबून धरणं, ज्याला हे लोक 'आल्फा रोल' म्हणतात, त्यात 31 टक्के.

आणि पोर्तुगालमधला पोर्तोचा अभ्यास तर मला फार आवडतो. 2020 साली प्रसिद्ध झाला, 92 घरगुती कुत्रे. काही बक्षीस देऊन शिकवणाऱ्या शाळांतले, काही झटके देणाऱ्या, दरडावणाऱ्या शाळांतले. लाळ तपासली, तर दुसऱ्या गटात ट्रेनिंगनंतर कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलेलं. पुढची परीक्षा सुंदर आहे. खोलीत एका बाजूच्या वाडग्यात सॉसेज असतं, दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात नसतं, हे कुत्र्यांना आधी शिकवलं. मग वाडगा मधे कुठेतरी ठेवला. ज्यांना जास्त शिक्षा मिळत होती ते त्या वाडग्याकडे हळू गेले. काही चांगलं मिळेल ही आशाच कमी झालेली.

महाभारताची सुरुवात आठवा. जनमेजय राजाचं कुरुक्षेत्रावर यज्ञसत्र चाललंय, तिथे सरमेचं, म्हणजे देवांच्या कुत्रीचं, पिल्लू येतं आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई आधी त्यालाच विचारते, तू काहीतरी केलं असशील. ते म्हणतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही, चाटलंही नाही. मग सरमा राजाच्या सत्रात जाऊन जाब विचारते. उत्तर मिळत नाही, आणि ती शाप देते की तुमच्यावर न दिसणारं भय येईल. इतक्या जुन्या काळी कुणालातरी वाटलं की या प्रश्नाला राजाने उत्तर द्यायला हवं होतं. मला हा प्रसंग युधिष्ठिराच्या कुत्र्यापेक्षा जवळचा वाटतो.

'पण पोलिसांचे कुत्रे?' हा प्रश्न येणारच. 1993 च्या स्फोटांनंतर मुंबईत 3,329 किलो आरडीएक्स शोधून देणारा झंजीर आपल्या पुण्यातल्या शिवाजीनगरच्या सीआयडीच्या केंद्रात तयार झाला होता. वास घेणारा कुत्रा काम करतो ते साधारणपणे चेंडूसाठी, खेळासाठी. घाबरलेला कुत्रा नाक चालवत नाही. तेव्हा 'फौजेत असंच करतात' म्हणत कुणी साखळी उचलली तर—

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. बरं, भराभर सांगते, लिहून घ्या.

आपल्याकडे ट्रेनरला सरकारी परवाना लागत नाही. पशुवैद्याला नोंदणी लागते, ब्रीडरसाठी 2017 चे नियम आहेत, पण ट्रेनर उद्या कुणीही होऊ शकतो. सर्टिफिकेट दाखवलं तर ते कुणी दिलं, किती दिवसांच्या कोर्सचं, हे विचारा. मग विचारा, कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय देता आणि चुकलं तर काय करता? दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, 'ते माझ्यावर सोडा' म्हणाला, तर तिथेच थांबा. त्याच्या दुसऱ्या कुठल्यातरी कुत्र्याचं सेशन आधी बघा. गॅरंटी देणारा नको. तुम्हाला बघू न देणारा तर नकोच. चांगला ट्रेनर आधी डॉक्टरकडे पाठवतो, कारण कानाचं इन्फेक्शन किंवा खुब्याचं दुखणं असलं की चांगला कुत्राही चावतो.

सेशनमध्ये हात उचलला गेला तर वाद घालू नका. पुढे व्हा आणि म्हणा, 'पट्टा माझ्या हातात द्या.' एवढंच. पैसे बुडाले तर बुडू द्या.

नंतर त्याच दिवशी पशुवैद्याकडून जखमांची लेखी नोंद घ्या, तारखेसह फोटो काढा, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा. 1960 च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमात मारणं, छळणं, दुखापत करणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. हो, पन्नास. साठ वर्षं उलटून गेली, आकडा तोच आहे, आणि तो बदलावा म्हणून आपण आमदार-खासदारांच्या मागे लागलं पाहिजे. कुत्रा मेला किंवा कायमचा जायबंदी झाला तर भारतीय न्याय संहितेचं 325 वं कलम लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार पोलिसात द्या, प्रत जिल्ह्याच्या एसपीसीएला, म्हणजे प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्थेला, पाठवा. पैसे देऊन सेवा घेतली असेल तर 2019 च्या कायद्याखाली ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, हे लोक विसरतात. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही लेखी कळवा, म्हणजे तोच माणूस शेजारच्या विंगमध्ये दुसऱ्याच्या कुत्र्यावर उभा राहणार नाही.

आणि असा कुत्रा घरी असेल तर काही दिवस एकही कमांड देऊ नका. गळ्यातलं सगळं काढा, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. रिकाम्या रस्त्यावर त्याला हवा तेवढा वास घेऊ द्या. तो गुरगुरला तर रागावू नका, मागे सरका. आवाज परत आला ही चांगली खूण आहे. वर्तनाचं जाणणाऱ्या पशुवैद्याला दाखवा, कधी कधी औषधही लागतं. शेरूला लागलं. आता तो आजींच्या जेवणाच्या वेळी त्यांच्या शेजारी येऊन बसतो. पाहुण्यांची मुलं मात्र त्याच्या ताटलीपासून लांबच ठेवतात, आणि तुम्हीही ठेवा.